बालसंधिवातशास्त्रात येणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी: सांधा तपासण्यापासून संशोधनापर्यंत

लहान मुलांचा संधिवात हा विषय वैद्यकीय शिक्षणात एखाद्या तासात उरकला जातो. परीक्षेला आला तर टीप लिहिण्यापुरता. त्यामुळे बालरोगशास्त्र शिकून या शाखेकडे वळणारा डॉक्टर बहुधा कोऱ्या पाटीने येतो, आणि आल्या आल्या त्याच्या कानावर 'रिसर्च कर, पेपर काढ' एवढंच पडतं. कुठून सुरू करायचं हे कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. हे आजार विरळ आहेत. कितीही मोठं केंद्र असलं तरी एखाद्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळवण्याइतकी मुलं त्याच्याकडे क्वचितच असतात. म्हणजे अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करण्याला पर्याय नाही, आणि नोंदी एकत्र करायच्या तर सगळ्यांनी सांधे एकाच रीतीने तपासलेले आणि एकाच रीतीने लिहिलेले हवेत. म्हणून प्रशिक्षण आणि संशोधन असे दोन कप्पे मी करत नाही. तुमचा ओपीडीतला केस पेपर हाच तुमचा पहिला संशोधन-कागद.

पायरी १: शाखेचा नकाशा

सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरं कोणतंही कारण न सापडलेला सांधेदाह म्हणजे जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. सगळे त्याला जेआयए म्हणतात. आयलार या आंतरराष्ट्रीय संधिवात संघटनेचं वर्गीकरण २००१ साली कॅनडातल्या एडमंटनला सुधारलं गेलं आणि त्यात ७ गट आहेत: सिस्टेमिक (तापासह सगळ्या शरीरावर परिणाम करणारा), ऑलिगो (पहिल्या ६ महिन्यांत ४ किंवा कमी सांधे), रुमॅटॉइड फॅक्टर ही रक्तातली अँटिबॉडी नसलेला पॉली (५ किंवा जास्त सांधे), ती असलेला पॉली, सोरायटिक, एन्थेसायटिसशी (स्नायुबंध हाडाला जोडले जातात तिथल्या दाहाशी) निगडित आणि कुठेच न बसणारा.

गट पाठ करायला अर्धा तास पुरतो. लक्षात ठेवायची गोष्ट ही की एका नावाखाली वेगवेगळे आजार बसवलेले आहेत. अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची अँटिबॉडी) असलेली, एक गुडघा सुजलेली तीन वर्षांची मुलगी आणि एचएलए बी-२७ हे जनुक असलेला, टाच दुखणारा बारा वर्षांचा मुलगा यांच्यात साम्य कमीच. सिस्टेमिक प्रकार तर इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ या दाह वाढवणाऱ्या रेणूंच्या जोरावर चालतो, आणि वागणुकीत तो ऑटोइन्फ्लमेटरी, म्हणजे जन्मजात प्रतिकारयंत्रणा आपोआप पेटल्याने होणाऱ्या आजारांच्या जवळ जातो. याच अडचणीमुळे प्रिंटो या संशोधन-जाळ्याने २०१९ मध्ये वेगळी मांडणी सुचवली. म्हणजे ज्या चौकटीत तुम्ही शिकताय ती चौकटच अजून घडते आहे. मला तरी ही या शाखेची सगळ्यात आकर्षक बाजू वाटते.

जेआयएच्या पलीकडे ल्युपस (प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उलटते तो आजार), जुवेनाइल डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंचा दाह), स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होणं), कावासाकी आणि आयजीए व्हॅस्क्युलायटिससारखे रक्तवाहिन्यांचे दाह, आणि जनुकीय ऑटोइन्फ्लमेटरी आजारांचं वाढतं कुटुंब आहे. त्या कुटुंबातल्या फॅमिलिअल मेडिटरेनिअन फीव्हरचं जनुक १९९७ मध्ये सापडलं आणि तिथून या भागाला वेग आला. शिवाय ओपीडीत अशी बरीच मुलं येतील ज्यांना दाह नसतोच: अतिलवचीक सांधे, रात्री पाय दुखणं, वाढीच्या वयातल्या वेदना. त्यांना नीट समजावून घरी पाठवणं हेही कौशल्यच आहे, आणि ते शिकवणारी पुस्तकं थोडी आहेत.

पायरी २: हाताला वळण लावा

सुरुवात पीगॅल्सपासून करा. मुलाची चाल, हात, पाय आणि पाठ दोनेक मिनिटांत चाळून पाहण्याची ही पद्धत न्यूकॅसलच्या गटाने २००६ मध्ये मांडली. तीन प्रश्न असतात: सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते का किंवा आखडते का, कपडे घालताना त्रास होतो का, आणि जिना चढताना-उतरताना त्रास होतो का. मग मुलाला चालायला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला, हात वर करायला, मुठी वळायला सांगायचं. जबड्यासाठी मुलाने स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवायची. या शेवटच्या गोष्टीला मुलं हसतात, म्हणून ती कधी विसरत नाही. पण ती वगळणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि जबड्याचा सांधा बराच काळ न दुखता झिजत राहतो आणि हनुवटीची वाढ खुंटते.

पीगॅल्समध्ये काही खटकलं तर त्या भागाची सविस्तर तपासणी करायची. त्यासाठी प्रीम्स नावाची जोडपद्धत आहे. दोन्हींचे व्हिडिओ आणि लेख पीडियाट्रिक मस्क्युलोस्केलेटल मॅटर्स या मोफत संकेतस्थळावर मिळतात.

पहिले काही महिने निरोगी मुलंही तपासा. खोकल्यासाठी आलेल्या मुलाचे गुडघे, घोटे, मनगटं बघा. दोन वर्षांच्या मुलाचा गुबगुबीत घोटा आणि सुजलेला घोटा यातला फरक निरोगी घोटे पाहूनच कळतो. दोन्ही बाजू नेहमी ताडून पाहा. जुन्या दाहात गुडघ्याजवळची वाढ जास्त होऊन तो पाय लांब झालेला आणि मांडीचा स्नायू बारीक झालेला दिसतो. मांडीचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा.

लहान मूल 'दुखतंय' असं म्हणेलच असं नाही. ते चालायचं सोडतं, पुन्हा रांगायला लागतं, सकाळी उचलून घ्या म्हणतं आणि दुपारी बागडतं. दुपारच्या ओपीडीत ते ठणठणीत वाटतं. म्हणून पालकांना 'दुखतं का' विचारण्याऐवजी 'उठल्यावर पहिला तासभर कसं असतं' असं विचारा आणि सकाळचा मोबाइलवरचा व्हिडिओ मागवा.

पायरी ३: संधिवात नसलेला 'संधिवात' ओळखा

इथे रेंगाळायला हवं, कारण या शाखेतल्या सगळ्यात महागड्या चुका इथे होतात.

ल्युकेमिया सांधेदुखीचं सोंग घेऊन येतो. मूल रात्री वेदनेने जागं होतं, सूज थोडी आणि दुखणं फार, सांध्यापेक्षा हाडावर दाबल्यावर जास्त कळवळतं. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट सर्वसाधारण मर्यादेच्या तळाशी असतात, आणि सगळे आकडे 'नॉर्मल'च्या रकान्यात असल्यामुळे कोणी थांबत नाही. विचार असा करायचा: सिस्टेमिक जेआयएमध्ये दाह एवढा असताना प्लेटलेट वाढलेल्या असायला हव्यात, मग या कमी का? शंका असेल तर बोन मॅरो तपासल्याशिवाय स्टिरॉइड सुरू करायचं नाही. स्टिरॉइडने ल्युकेमिया काही काळ दबतो, निदान लांबतं आणि पुढच्या उपचाराचं गणित बिघडतं.

एकच सांधा, ताप, आणि मूल त्या सांध्याला हातही लावू देत नाही, तर आधी सांध्यातला जंतुसंसर्ग. तिथे तासांचा हिशेब असतो. रेंगाळणाऱ्या एका सांध्यामागे क्षयरोग असू शकतो. जागा बदलत फिरणारी सांधेदुखी आणि आधी घसा आलेला असेल तर र्‍हुमॅटिक फीव्हर आणि हृदयाची तपासणी. न जुळणारी हकिगत आणि न जुळणारी इजा दिसली तर मुलाला मारहाण होते का हा अप्रिय प्रश्नही विचारावा लागतो.

रक्ततपासण्यांवर फार भिस्त नको. रुमॅटॉइड फॅक्टर जेआयएच्या बहुतेक मुलांत नसतो. अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी निरोगी मुलांतही सापडते. तिचा खरा उपयोग जेआयए ठरल्यानंतर, डोळ्याचा धोका मोजायला. ईएसआर आणि सीआरपी हे दाह दाखवणारे रक्ताचे आकडे अगदी सर्वसाधारण असूनही गुडघा सुजलेला असू शकतो. निदान बोटांनी होतं, अहवाल मागून येतो.

याउलट एक अहवाल झोप उडवणारा असतो. सिस्टेमिक जेआयएचं तापलेलं मूल, आणि वाढलेला ईएसआर अचानक खाली येतो. सुधारणा वाटते, पण फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) चढत असेल आणि प्लेटलेट उतरत असतील तर तो मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारयंत्रणा बेफाम होऊन जिवावर बेतणारी अवस्था. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन खर्ची पडल्यामुळे ईएसआर उतरतो. त्याचे २०१६ चे निकष असे: ताप, फेरिटिन मिलिलिटरला ६८४ नॅनोग्रॅमच्या वर, आणि पुढच्यांपैकी कोणतेही दोन: प्लेटलेट १,८१,००० किंवा कमी, यकृताचं एएसटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी. पण हे वर्गीकरणाचे निकष आहेत. अभ्यासात सारखी मुलं यावीत म्हणून ते बनवलेत. खाटेवरचं मूल त्यात अजून बसत नाही म्हणून उपचार अडवून धरू नका. निकष आणि निदान यांची गल्लत नवखेच करतात असं नाही, छापील लेखांतही ती दिसते.

पायरी ४: प्रत्येक भेटीत तेच, त्याच रीतीने लिहा

'सांधे बरे आहेत, औषध चालू ठेवा' अशी नोंद दोन वर्षांनी कुणाच्याही उपयोगाची नसते, तुमच्याही. त्याऐवजी प्रत्येक भेटीत चार गोष्टी लिहा. सक्रिय सांधे किती. डॉक्टरच्या मते आजार ० ते १० मध्ये किती. पालकांच्या किंवा मुलाच्या मते ० ते १० मध्ये किती. आणि ईएसआर.

या चारांची बेरीज म्हणजे जेडास, २००९ पासून वापरात असलेला गुणांक. ईएसआर २० पर्यंत असेल तर शून्य, त्यापुढे प्रत्येक १० ला एक गुण, जास्तीत जास्त १०. जेडास-१० मध्ये सांध्यांचेही १० पर्यंतच गुण धरतात, म्हणून कमाल ४०. ईएसआर केलेला नसेल तर तो वगळून क्लिनिकल जेडास काढता येतो. हिशेब मिनिटाभराचा आहे.

'सक्रिय सांधा' म्हणजे काय यावर तुमच्या युनिटमध्ये एकमत करून घ्या. सूज असलेला सांधा सक्रिय. सूज नसेल तर हालचाल कमी आणि सोबत दुखणं, दोन्ही हवं. नुसतं दुखणं पुरत नाही. दोघांनी एकाच मुलाचे सांधे वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहा. पहिल्यांदा ते जुळणार नाहीत. माणसाच्या आकृतीवर सांधे रंगवायची सवय लावली तर पुढच्या डॉक्टरला काहीच विचारावं लागत नाही.

रोजचं जगणं किती अडतंय यासाठी पालकांनी भरायची सीएचएक्यू ही प्रश्नावली, ० ते ३. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये स्नायूंच्या ताकदीसाठी सीएमएएस, ० ते ५२. ल्युपस किती सक्रिय आहे यासाठी स्लेडाय हा गुणांक. सगळं एकदम उचलू नका. जेडास अंगवळणी पडला की बाकीचं येतं.

पायरी ५: केंद्र निवडताना नावापेक्षा कामकाज बघा

प्रशिक्षणाचा कालावधी देशागणिक बदलतो. बालरोगशास्त्रानंतर दोन ते तीन वर्षांची फेलोशिप अनेक ठिकाणी आहे. जागा घेण्याआधी तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या फेलोला गाठा आणि विचारा: सांध्यात इंजेक्शन स्वतः किती वेळा दिलं? नेत्रतज्ज्ञ त्याच आवारात आहे का? फिजिओथेरपिस्ट ओपीडीत बसतो का? ल्युपसची मुलं इथेच राहतात की किडनीच्या विभागात जातात? जुन्या नोंदी सापडतात का? शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण संशोधनाचं घोडं तिथेच पेंड खातं.

शिकायच्याच अशा हातच्या गोष्टी थोड्या आहेत. ट्रायॅमसिनोलोन हेक्सॅसिटोनाइड हे स्टिरॉइड सांध्यात कसं द्यायचं, आणि औषध त्वचेखाली पाझरून तिथे खड्डा पडू नये म्हणून सुई कशी काढायची. अँटि-टीएनएफ (टीएनएफ हा दाहाचा रेणू अडवणाऱ्या) औषधाआधी क्षयरोगाची तपासणी. जिवंत लसी कधी द्यायच्या. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहायचं. रोज घेतल्याने जीव जाऊ शकतो.

जवळपास केंद्र नसेल तर मोठ्यांच्या संधिवात विभागात काही महिने बसा. सांध्याची तपासणी, अल्ट्रासाउंड, बायोलॉजिक औषधं हे सगळं तिथे शिकता येतं. फक्त मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे हे भान ठेवा: वाढ, लसीकरण, शाळा आणि न बोलणारा डोळा या गोष्टी तिथे कुणी शिकवणार नाही. युरोपातील बालसंधिवात संघटना प्रेस आणि तिथली सर्वसाधारण संधिवात संघटना युलार यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, आणि प्रेसच्या छत्राखाली नवोदितांसाठी इमर्ज नावाचा गट आहे.

'न बोलणारा डोळा' म्हणजे युव्हिआयटिस, डोळ्याच्या आतला दाह. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि नजर जाते. स्लिट लॅम्प या नेत्रतज्ज्ञाच्या यंत्राशिवाय तो दिसत नाही. जास्त धोक्याच्या मुलांना दर तीन महिन्यांनी तपासावं लागतं. तारखेची वेगळी वही ठेवा.

पायरी ६: प्रश्न लहान घ्या

या शाखेतले दोन गाजलेले शोध म्हणजे मुळात नीट ठेवलेल्या नोंदी आहेत. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या २२ मुलांवरून दाखवलं की मुलांचा संधिवात मोठ्यांपेक्षा वेगळा असतो. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ मध्ये एक मूल पाहिलं, ते कुठल्याच निदानात बसेना. मग तशीच मुलं टिपत गेले आणि १९६७ मध्ये ५० मुलांचं वर्णन जपानी भाषेत छापलं. दोघांकडे महागडी यंत्रं नव्हती.

पहिला प्रकल्प म्हणून मी ऑडिट, म्हणजे आपल्याच कामाची मोजदाद, सुचवेन. पहिल्या लक्षणापासून तुमच्यापर्यंत पोचायला मुलाला किती दिवस लागले, मधे किती डॉक्टर झाले? नव्या जेआयए मुलांपैकी किती जणांची डोळ्यांची तपासणी वेळेत झाली? वर्षाच्या शेवटी किती जणांचा आजार शांत होता? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत, आणि उत्तर काहीही आलं तरी विभागात काहीतरी बदलता येतं. केस रिपोर्ट लिहा जरूर, पण लिहायचा सराव म्हणून. फार अपेक्षा नको.

आकडेवारीत एक खाचखळगा आधीच सांगते. एकाच मुलाचे दोन गुडघे म्हणजे दोन स्वतंत्र रुग्ण नव्हेत. सांधे मोजून नमुना फुगवलेले लेख सापडतात. संख्याशास्त्रज्ञाकडे माहिती गोळा करण्याआधी जा. नंतर गेलात तर तो फक्त हळहळेल.

पायरी ७: जाळ्यात सामील व्हा

मुलांच्या संधिवातावर मिळून संशोधन करणाऱ्या केंद्रांची मोठी जाळी अशी: अमेरिकेत १९७३ पासून पीआरसीएसजी, इटलीतल्या जेनोवातून १९९६ पासून प्रिंटो, उत्तर अमेरिकेत २००२ पासून कारा. मुलांच्या संधिवातावरच्या बऱ्याच मोठ्या चाचण्या अशा जाळ्यांतून झाल्या. मेथोट्रेक्सेट जेआयएच्या मुलांना उपयोगी पडतं हे १९९२ मध्ये १२७ मुलांच्या चाचणीने सिद्ध झालं, आणि ती मुलं अमेरिकेतली आणि सोव्हिएत संघातली होती. राजकारण शीतयुद्धाचं असताना डॉक्टरांनी एकच प्रोटोकॉल पाळला.

चाचण्या वाचताना एक रचना समजून घ्या, ती पुन्हा पुन्हा भेटेल. २००० सालच्या इटॅनरसेप्ट या अँटि-टीएनएफ औषधाच्या चाचणीत आधी सगळ्या ६९ मुलांना औषध दिलं. गुण आलेल्या ५१ मुलांना नंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एकाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा. प्लासिबो गटात ८१ टक्के मुलांचा आजार उसळला, औषधाच्या गटात २८ टक्के. फायदा हा की मुलाला फार काळ विनाऔषध ठेवावं लागत नाही, आजार उसळला की औषध परत सुरू. तोटा हा की ज्यांना गुण आला तेच पुढे गेले, त्यामुळे औषध खऱ्या जगात दिसतं त्यापेक्षा उजळ भासतं.

'गुण आला' म्हणजे काय? १९९७ चे निकष सांगतात: सहा ठरलेल्या मोजमापांपैकी किमान तिघांत ३० टक्के सुधारणा, आणि एकापेक्षा जास्त मोजमाप ३० टक्क्यांहून अधिक बिघडलेलं नको. आज ३० टक्क्यांवर कोणी समाधान मानत नाही, आजार शांत करणं हेच ध्येय आहे. जुने लेख वाचताना हे लक्षात असू द्या.

तुमचं केंद्र लहान असेल तरी रजिस्ट्रीत, म्हणजे अनेक केंद्रांच्या सामाईक नोंदवहीत, भर घालता येते. वर्षाला पाचच मुलं असली, पण नोंदी पूर्ण असल्या, तर अर्धवट पन्नासपेक्षा त्या कामाच्या.

पायरी ८: संमती, सुई आणि रक्त

पालकांची लेखी संमती आणि समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या. मुलाने मान हलवली म्हणजे होकार नव्हे. तीच गोष्ट त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. तो 'नको' म्हणाला आणि संशोधनाचा त्याला थेट लाभ नसेल, तर तिथे थांबा. रक्त शक्यतो नेहमीच्या तपासणीच्याच सुईतून घ्या. २००८ च्या युरोपीय शिफारशींनुसार संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्याहून आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. किलोमागे ८० मिलिलिटर धरलं तर १५ किलोच्या मुलाचे एका वेळी १२ मिलिलिटर. एथिक्स कमिटीच्या अर्जात हा हिशेब उलगडून लिहिलात तर शंका निम्म्याने कमी येतात. गुड क्लिनिकल प्रॅक्टिस या संशोधनाच्या नियमावलीचं प्रमाणपत्र पहिल्याच महिन्यात काढून ठेवा.

नमुने साठवणार असाल तर आणखी एक तरतूद: मूल सज्ञान झालं की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची. आज ज्या पालकांनी सही केली, ते उद्या निर्णय घेणारे नसतील.

पायरी ९: मुलं मोठी होतात

जेआयए झालेली बरीच मुलं आजार घेऊनच प्रौढ होतात. त्या वयात ओपीडी बदलते, औषधं सुटतात, नोंदींचा धागा तुटतो. संशोधनाच्या दृष्टीनेही हा मोठा गळतीचा टप्पा आहे, कारण औषधांचे दूरचे परिणाम नेमके त्यानंतर दिसतात. बारा-तेराव्या वर्षापासून मुलाशी थोडा वेळ पालकांशिवाय बोला. त्याला आपल्या आजाराचं नाव, औषध आणि मात्रा सांगता आली पाहिजे. प्रौढांच्या संधिवात तज्ज्ञासोबत एक-दोन भेटी एकत्र घ्या आणि हातात एक पानाचा सारांश द्या: आजाराचा गट, कधी सुरू झाला, आतापर्यंतची औषधं आणि ती का थांबवली, सांध्यातली इंजेक्शनं, शेवटचा जेडास, लसी, आणि डोळे शेवटचे कधी तपासले ती तारीख.